नोआविना टॅबू

मराठी वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या चाळल्या की एक शब्द हटकून भेटतो : टॅबू. मासिक पाळी हा टॅबू, मानसिक आजार हा टॅबू, घटस्फोट टॅबू, विधवेचे कुंकू टॅबू, आणि बापाने वयात आलेल्या मुलीशी मोकळेपणी बोलणे हाही टॅबूच. टॅबू म्हटला की पुढचे क्रियापद ठरलेले असते. तो मोडायचा. टॅबू घालावा की नाही यावर गावाची बैठक बसली, किंवा ठरलेली मुदत संपली म्हणून टॅबू उठवला, असे वाक्य मराठीत कोणी लिहीत नाही. टॅबू धुळीसारखा आपोआप साचतो आणि शहाण्या माणसाने तो झटकायचा, एवढाच त्याचा व्यवहार. तो घातला कोणी, हा प्रश्नच आपल्याला सुचत नाही.

ज्या लोकांकडून हा शब्द जगाने घेतला, त्यांच्याकडे मात्र हाच प्रश्न पहिला येतो. कोणी घातला? कशावर घातला? किती दिवसांसाठी? आणि उठवणार कोण? पॅसिफिक महासागरातल्या बेटाबेटांवर या शब्दाचे अर्थ इतके वेगवेगळे आहेत की एका बेटावरचा माणूस दुसऱ्या बेटावर गोंधळून जावा. तरीही हे प्रश्न बहुतेक ठिकाणी शाबूत आहेत. हरवले ते शब्द युरोपात गेल्यावर. इंग्रजीने अर्धा शब्द उचलला, आपण इंग्रजीकडून तो अर्धाच घेतला. माझे म्हणणे असे की या अर्ध्या शब्दामुळे आपण स्वतःच्याच काही जुन्या दुखण्यांविषयी गुळमुळीत बोलायला शिकलो आहोत.

मूळ शब्द ‘तापू’. मराठीतल्या ‘टापू’शी त्याचे काही नाते नाही. १७७७ साली कॅप्टन जेम्स कुक आपल्या तिसऱ्या सफरीत टोंगा बेटांवर थांबला. तिथल्या मुख्य बेटाच्या नावातच हा शब्द आहे : टोंगातापू. कुकने सरदारांना जेवायला बोलावले तर ते पंगतीला बसेनात आणि घासही घेईनात. कारण विचारले की उत्तर एकच, तापू. कुकने रोजनिशीत नोंद केली की या शब्दाचा अर्थ फार ऐसपैस आहे, पण साधारणपणे ज्याला मनाई आहे ते म्हणजे तापू. १७८४ साली त्याच्या सफरीचा वृत्तान्त छापून आला आणि शब्द युरोपभर झाला. टोंगाचे लोक पहिल्या अक्षरावर जोर देतात, इंग्रजीने तो शेवटच्या अक्षरावर नेला. अर्थाचेही असेच झाले. कुकने दोन्ही गोष्टी लिहिल्या होत्या, शब्द ऐसपैस आहे आणि त्याचा एक अर्थ मनाई आहे. वाचकांनी दुसरी तेवढी लक्षात ठेवली.

तापूचे खरे कामकाज कसे चाले, हे दोन वर्षांनी कुकच्याच माणसांना हवाई बेटावर जवळून पाहायला मिळाले. जानेवारी १७७९ मध्ये केआलाकेकुआच्या उपसागरात जहाजे नांगरली होती. ताऱ्यांचे वेध घेण्यासाठी खलाशांना किनाऱ्यावर जागा हवी होती. देवस्थानाजवळचे रताळ्याचे एक शेत त्यांना मिळाले. पुजाऱ्यांनी भोवतालच्या गडग्यावर काठ्या रोवल्या आणि जागा तापू झाली.  एकही होडी तिथे लागेना, आणि खलाशांनी कितीही आर्जवे केली तरी बायका त्या जागेत पाऊल टाकीनात. उपकरणे सुरक्षित राहिली. पुढे फेब्रुवारीत डोलकाठी मोडली म्हणून जहाजे माघारी आली, तेव्हा सगळा उपसागर ओस पडलेला होता, कारण राजाने जाताना तो तापू केला होता. काही दिवसांत, १४ फेब्रुवारीला, त्याच किनाऱ्यावरच्या झटापटीत कुक मारला गेला. या दोन्ही प्रसंगी तापू घालणारा माणूस डोळ्यांसमोर आहे. एकदा पुजारी, एकदा राजा. घातलेला तापू कशावर आहे तेही स्पष्ट आहे. एकदा शेत, एकदा पाणी.

आता बेटे ओलांडत जाऊ. न्यूझीलंडच्या माओरींत, टोंगात, सामोआत, ताहितीत शब्द ‘तापू’ असाच आहे. हवाईत ‘त’चा ‘क’ झाला, म्हणून ‘कापू’. ज्या राजाला आपण कामेहामेहा म्हणतो त्याचे नाव सुरुवातीच्या गोऱ्या प्रवाशांनी तामेहामेहा असे लिहून ठेवले आहे, तोच हा बदल. फिजीत लिहितात ‘ताबू’, पण तिथला ‘ब’ नाकातून येतो, म्हणून उच्चार ‘ताम्बू’. पापुआ न्यू गिनीच्या टोक पिसिन या बाजारी भाषेतही ‘ताम्बू’च.

अर्थ मात्र एका दिशेने चालत नाहीत. टोंगात समारंभातला वक्ता भाषणाची सुरुवातच या शब्दाने करतो. ‘तापू मो’ म्हणून तो राजा, सरदार, धर्मगुरू अशी हजर मंडळींची मानाप्रमाणे नावे घेतो आणि त्यांच्यापुढे बोलण्याची जणू परवानगी मागतो. भाषणाच्या या भागाला ‘फाकातापू’ असे वेगळे नावच आहे. आपल्याकडे ‘व्यासपीठावरील मान्यवर’ म्हणतात त्या जागी तिथे तापू येतो. म्हणजे तिथे तापू हा आदबीचा शब्द आहे. फिजीत रविवार म्हणजे ‘सिंगा ताम्बू’, पवित्र दिवस. माओरीत रविवारला ‘रातापू’ म्हणतात. हवाईत मात्र आज ‘कापू’ अशी पाटी दिसते ती कुणाच्या तरी फाटकावर : खाजगी मालमत्ता, आत येऊ नये. एके काळी राजाच्या सावलीपासून माणसांना दूर ठेवणारा शब्द आता बंगल्याच्या दारापासून दूर ठेवण्याच्या कामी लागला आहे.

ख्रिस्ती धर्मप्रचारक आले तेव्हा बायबलला नाव काय द्यायचे, हा पेच त्यांना पडला. एकाच कुळातल्या भाषांनी याची किती वेगळी उत्तरे दिली ते पाहण्यासारखे आहे. माओरी बायबल ‘पाइपेरा तापू’, टोंगाचे ‘तोही तापू’, फिजीचे ‘ई वोला ताम्बू’. सामोआत मात्र ‘तुसी पाइआ’ आणि हवाईत ‘बाइबाला हेमोलेले’. पाइआ आणि हेमोलेले हे त्या त्या भाषेतले पवित्र, निर्दोष अशा अर्थाचे दुसरे शब्द. हवाईत धर्मप्रचारक पोहोचले १८२० साली. त्याच्या आदल्याच वर्षी तिथल्या राजघराण्याने कापूची सगळी व्यवस्था स्वतः मोडीत काढली होती, ती हकीकत पुढे येईल. जो शब्द नुकताच सिंहासनावरून खाली आला होता, त्याच्यावर नवा देव बसवणे अवघडच होते.

पोलिनेशियाच्या बाहेर मेलानेशियात गेलो तर आणखी गमती आहेत. टोक पिसिन भाषेत ‘ताम्बू’ म्हणजे मनाई, आणि ‘ताम्बू’ म्हणजेच मेहुणा, सासू, सासरा, एकूण सासरची माणसे. तिथल्या अनेक समाजांत या नातेवाइकांचे नाव उच्चारायचे नसते, त्यांच्याशी वागताना अंतर ठेवायचे असते. नवऱ्याचे नाव घ्यायला उखाणा लागतो अशा घरांत वाढलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. न्यू ब्रिटन बेटावरच्या तोलाई लोकांत तर ‘ताबू’ म्हणजे पैसा. बारीक शंखशिंपल्या वेताच्या कांडीवर ओवायच्या आणि त्यांची भली मोठी वेटोळी करून ठेवायची. लग्नातले देणे, दंड, मानपान यांत हा पैसा आजही चालतो. घरचा मोठा माणूस गेला की त्याची जपून ठेवलेली वेटोळी कापून आलेल्या माणसांत वाटतात.

शब्दांच्या अशा जुळणीत फसगतही होते. पापुआच्या पूर्वेला असलेल्या ट्रोब्रियांड बेटांवर मानवशास्त्रज्ञ मालिनोव्हस्कीला ‘ताबू’ हा शब्द सापडला. त्याचा अर्थ आजोबा-आजी, पूर्वज, आणि आत्यासुद्धा. गंमत अशी की त्या समाजाच्या कल्पनेत आत्या ही निषिद्ध स्त्रीच्या नेमकी उलट, म्हणजे संबंधाला मोकळ्या असलेल्या स्त्रीचा नमुना मानली जाई. निषेधासाठी त्यांच्याकडे वेगळाच शब्द होता. हा ‘ताबू’ दिसायला तसाच असला तरी माओरीतल्या ‘तुपुना’ म्हणजे पूर्वज या शब्दाच्या कुळातला आहे. इंडोनेशियात उलट प्रकार घडला. तिथल्या भाषा याच मोठ्या कुटुंबातल्या. निषेधासाठी ‘पांतांग’, ‘पमाली’ असे घरचे शब्द त्यांच्याकडे होते. तरी आज तिथे ‘ताबू’ रूढ आहे आणि तो युरोपीय भाषांतून आलेला आहे. चुलत घराण्यातली वस्तू परक्याच्या दुकानातून विकत घ्यावी, तसे.

आदर, रविवार, पैसा, मेहुणा, फाटक. या सगळ्यांना जोडणारा धागा कोणता? मनाई हा धागा पुरत नाही. रविवारची मनाई कसली? धागा आहे वेगळे काढण्याचा. एखादी वस्तू, जागा, माणूस, दिवस रोजच्या सरमिसळीतून बाजूला काढला की तो तापू. तो चांगला म्हणून काढला की वाईट म्हणून, हा प्रश्न नंतरचा. आणि बाजूला काढलेले परत सरमिसळीत आणता येते, ही या कल्पनेची दुसरी बाजू. माओरी भाषेत त्या दुसऱ्या बाजूला शब्द आहे ‘नोआ’. नोआ म्हणजे मोकळे, साधे, रोजच्या वापरातले. तापू आणि नोआ ही जोडी आहे. एकाशिवाय दुसऱ्याचा अर्थ लागत नाही.

माओरी घरात ही जोडी रोज दिसते. माणसाचे डोके तापू, शिजवलेले अन्न नोआ. म्हणून जेवणाच्या टेबलावर टोपी ठेवायची नाही, टेबलावर बसायचे नाही, भांडी पुसायचा फडका अंगावरच्या कपड्यांबरोबर धुवायचा नाही. डोक्याखालची उशी पायाखाली घ्यायची नाही. न्यूझीलंडच्या काही रुग्णालयांत यासाठी डोक्याच्या आणि इतर कामाच्या उशांना वेगळ्या रंगांचे अभ्रे असतात. दफनभूमीतून बाहेर पडताना दाराशी पाण्याने हात धुवायचे की माणूस नोआ होतो. नवे सभागृह बांधून झाले की पहाटे मंत्र म्हणून त्याचा तापू उठवतात आणि मगच ते लोकांच्या वापरात येते. जुन्या काळी प्रेताला हात लावलेल्या माणसाला ठरावीक काळ स्वतःच्या हाताने जेवता येत नसे. दुसरा कोणीतरी त्याला भरवत असे. त्याने कुठलाही गुन्हा केलेला नसे. उलट तो कर्तव्य करून आलेला असे. मुदत संपली, विधी झाला, की तो पुन्हा चारचौघांतला.

हे वाचताना मराठी वाचकाला सुतक आठवेल, आणि आठवायलाच हवे. सुतक कोणाला, किती दिवस, त्यात काय करायचे नाही, हे ठरलेले. सुतक ‘येते’ आणि सुतक ‘फिटते’. ते ज्याला आले त्याच्यावर ठपका नसतो. तसेच सोवळे. सोवळ्यातल्या माणसाला शिवायचे नाही कारण तो शुद्ध आहे, विटाळातल्या माणसाला शिवायचे नाही कारण तो अशुद्ध मानला आहे. कारणे विरुद्ध, वागणूक एकच. युरोपीय पंडितांना तापूत जे कोडे दिसले ते नेमके हेच होते. पवित्र आणि अपवित्र एकाच शब्दात कसे मावतात? सोवळे आणि विटाळ हे दोन्ही शब्द शेजारी ठेवून जगणाऱ्या भाषेला हे कोडे वाटण्याचे कारण नव्हते.

या कोड्याने युरोपचे पाऊण शतक खाल्ले. हर्मन मेलव्हिल १८४२ साली मार्केसास बेटांवर जहाज सोडून पळाला, तिथल्या एका खोऱ्यात राहिला आणि १८४६ साली त्याने ‘टायपी’ हे पुस्तक लिहिले. त्यात बायकांनी होडीत बसायचे नाही अशा तापूची गोष्ट आहे, आणि लेखकाचा सूर असा की हे सगळे अगम्य आहे. पुढे ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’च्या नवव्या आवृत्तीचा संपादक विल्यम रॉबर्टसन स्मिथ याने ‘टॅबू’ आणि ‘टोटेमिझम’ या दोन्ही नोंदी आपला मित्र जेम्स फ्रेझर याच्याकडून लिहून घेतल्या. त्या १८८८ साली छापल्या गेल्या. स्वतः स्मिथने पुढच्याच वर्षी सेमिटिक लोकांच्या धर्मावरच्या पुस्तकात मांडले की पावित्र्य आणि विटाळ यांची सरमिसळ हा मागास अवस्थेचा अवशेष आहे, आणि प्रगत धर्मात दोन्ही वेगळे होतात. इथून टॅबू हा एका लोकसमूहाचा शब्द राहिला नाही. तो माणूसजातीच्या बालपणाचा शब्द झाला. ज्ञानकोशात शेजारी बसलेले ते दोन शब्द पंचवीस वर्षांनी, १९१३ साली, सिग्मंड फ्रॉइडच्या पुस्तकाच्या नावात एकत्र आले : ‘टोटेम आणि टॅबू’.

फ्रॉइडचे प्रकरण बोलके आहे. टॅबूचा उलट शब्द नोआ आहे, हे त्याला ठाऊक होते. त्याने ते लिहिलेही आहे. पण लिहून तो पुढे गेला आणि नोआकडे वळून पाहिले नाही. त्याला रस होता तो टॅबू आणि मनोरुग्णाची सक्तीची बंधने यांच्यातल्या साम्यात. पुनःपुन्हा हात धुणाऱ्या रुग्णालाही आपण का धुतो हे सांगता येत नाही, आणि टॅबू पाळणाऱ्यालाही आपण का पाळतो ते माहीत नसते, असा त्याचा युक्तिवाद. रुग्णाच्या बाबतीत तो बरोबर असेल. पण केआलाकेकुआच्या शेतावर काठ्या रोवणाऱ्या पुजाऱ्याला आपण त्या का रोवतो हे पक्के ठाऊक होते, आणि त्या कधी काढायच्या हेही त्यालाच ठरवायचे होते. रुग्णाच्या बंधनाला नोआ नाही. म्हणूनच ते बंधन हा रोग आहे. फ्रॉइडने नोआ बाजूला ठेवला तेव्हाच तापू रोगासारखा दिसू लागला.

या सगळ्या विद्वत्तेचा हिशेब फ्रान्झ श्टाइनरने मांडला. हा प्रागचा ज्यू, कवी आणि मानवशास्त्रज्ञ. नाझींनी त्याच्या आईवडिलांचा जीव घेतला, त्याने स्वतः इंग्लंडात आसरा घेतला. ऑक्सफर्डला त्याने टॅबूवर व्याख्याने दिली, आणि त्याच्या मृत्यूनंतर १९५६ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : टॅबूचा प्रश्न पोलिनेशियात नव्हता, तो व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडात तयार झाला. पवित्र आणि निषिद्ध यांसाठी दोन वेगळे कप्पे लागतात ते युरोपला, पोलिनेशियाच्या माणसाला त्याविना काही अडत नाही. ज्याच्या घरच्यांना एका राज्ययंत्रणेने अशुद्ध ठरवून मारले, त्या माणसाने निषेध आणि धोका यांच्या संबंधावर इतक्या थंड डोक्याने लिहावे, याचे मला फार मोल वाटते.

इथे कोणी म्हणेल की तुम्ही तापूला फार गोंडस करता आहात. आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. हवाईच्या कापूखाली बायकांनी पुरुषांबरोबर जेवायचे नसे. डुकराचे मांस, नारळ, बहुतेक जातींची केळी आणि काही मासे त्यांना वर्ज्य होते. मोडले तर शिक्षा मृत्यूपर्यंत जाई. मोठ्या सरदारासमोर लोकांनी पालथे पडायचे. ‘कौवा’ नावाचा जन्मजात बहिष्कृत वर्गही तिथे होता. नोआ हा शब्द असला म्हणून जुलूम नव्हता, असे नाही.

पण हा जुलूम संपला कसा, ते पाहू. हवाईत राजा वारला की दुखवट्याच्या काळात खाण्याचे कापू सुटत. बायका-पुरुष एकत्र जेवत, वर्ज्य पदार्थ खात. या मोकळ्या जेवणाला म्हणत ‘आइ नोआ’. आइ म्हणजे खाणे, नोआ तेच. नवा राजा गादीवर बसला की तो कापू पुन्हा घालत असे. मे १८१९ मध्ये कामेहामेहा वारला. त्याची राणी काअहुमानू आणि नव्या राजाची आई केओपुओलानी या दोघींनी ठरवले की या वेळी कापू पुन्हा घालायचे नाहीत. केओपुओलानी आपल्या धाकट्या मुलाबरोबर जेवली. तरुण राजा लिहोलिहो आधी कचरला. शेवटी नोव्हेंबरमध्ये कायलुआच्या मेजवानीत तो उठून बायकांच्या टेबलावर जाऊन बसला आणि जेवला. चुलतभाऊ केकुआओकालानी जुन्या धर्माच्या बाजूने उठला आणि कुआमोओच्या लढाईत बायकोसह मारला गेला. पहिले धर्मप्रचारक पुढच्या वर्षी आले, तोवर काम झालेले होते.

या घटनेला इंग्रजी पुस्तकांत ‘टॅबू मोडला’ असे म्हणतात. हवाईचे लोक तिला ‘आइ नोआ’ म्हणतात. त्या दोघी बायका व्यवस्थेतल्याच एका ठरलेल्या दारातून बाहेर पडल्या आणि त्यांनी ते दार परत लावले नाही. ते दार आधीपासून होते म्हणून हे शक्य झाले.

आता आपल्याकडच्या ज्या बंधनाला असे दारच नव्हते त्याकडे वळू. सुतक फिटते, सोवळे सुटते. अस्पृश्यता फिटत नसे. शिवला गेलेला सवर्ण आंघोळ करून मोकळा होई, ज्याच्या स्पर्शाने तो बाटला त्याला मोकळे करणारी आंघोळ नव्हती. मुदत नाही, विधी नाही, जन्मापासून मरणापर्यंत एकच अवस्था. महाडच्या चवदार तळ्याचे उदाहरण घ्या. मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मंजूर झाला, महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर मनाई उठली होती. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसे ते पाणी प्यायली तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले आणि मागाहून पंचगव्य ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. म्हणजे पाण्यालासुद्धा नोआ मिळाला, माणसांना नाही. न्यायालयातला निकाल लागायला १९३७ साल उजाडले. याला कोणी टॅबू म्हटले तर आपल्याला ते खटकते, आणि बरोबरच खटकते. कारण तिथे अडवणारी माणसे होती, त्यांचा त्यात फायदा होता, आणि त्यांना गावात सगळे ओळखत होते.

मग मासिक पाळीला टॅबू म्हणताना का खटकत नाही? ‘पाळी हा आपल्या समाजातला टॅबू आहे’ या वाक्यात कर्ता कुठे आहे? ‘सासूबाई चार दिवस सुनेला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत’, ‘पुजारी देवळात घेत नाहीत’, ‘आमच्याकडे विटाळ पाळतात’, या वाक्यांत कर्ता आहे. विटाळ, शिवाशिव, बाजूला बसणे, कावळा शिवणे हे शब्द कानाला बोचतात, कारण त्यांना घराचा वास आहे. टॅबू बोचत नाही. तो परदेशी, अभ्यासू आणि निनावी आहे. तो वापरला की लिहिणारा सुधारक ठरतो आणि पाळणारा कोणीच ठरत नाही. जे बंधन कोणीच घातलेले नाही ते उठवायलाही कोणीच बांधील नसते. पुरवण्यांतले टॅबू दरवर्षी मोडतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोडायला शिल्लक असतात, त्याचे एक कारण हेच आहे.

ज्यांचा शब्द, ते लोक मात्र त्याच्याकडून आजही काम करून घेत आहेत. न्यूझीलंडमध्ये तापूचा एक प्रकार ‘राहुई’ म्हणून ओळखला जातो. एखादी जागा किंवा पाणी ठरावीक काळ बंद करायचे. ९ डिसेंबर २०१९ रोजी व्हाकारी बेटावरच्या ज्वालामुखीचा उद्रेक होऊन २२ माणसे गेली, तेव्हा न्गाती आवा या जमातीने भोवतालच्या समुद्रावर राहुई घातला. ऑकलंडजवळच्या वाइताकेरे डोंगरांत काउरी वृक्षांना मातीतून, माणसांच्या बुटांबरोबर पसरणारा रोग लागला. ते कावेराऊ आ माकी या स्थानिक जमातीने डिसेंबर २०१७ मध्ये जंगलावर राहुई घालून लोकांना आत न जाण्याचे आवाहन केले. त्याला कायद्याचे बळ नव्हते. नगरपालिका सुरुवातीला अर्ध्या मनाने वागली, पण मे २०१८ पर्यंत तिलाही जंगलाचा बहुतेक भाग बंद करावा लागला. मासेमारीच्या १९९६च्या कायद्यात तर अशा तात्पुरत्या बंदीला सरकारी पाठबळ देण्याची सोयच आहे. फिजीत गावचा प्रमुख वारला की त्याच्या मासेमारीच्या पाण्यावर शंभर रात्री ताम्बू घालण्याची जुनी रीत. त्याच धर्तीवर उथुनीवानुआ या गावाने १९९७ साली किनाऱ्याचा २४ हेक्टरांचा पट्टा तीन वर्षांसाठी बंद केला, कारण खाण्याचे शिंपले कमी झाले होते. शिंपले पुन्हा वाढले, आणि आसपासच्या अनेक गावांनी हा मार्ग धरला. कोणी घातला, कशावर, किती दिवस, सगळे लोकांना माहीत. म्हणून तो पाळलाही जातो आणि त्याच्यावर भांडताही येते.

परक्या भाषेतला शब्द घ्यायला माझी ना नाही. मराठी असेच घेत आली आहे. पण घेतलेला शब्द काय दाखवतो आणि काय झाकतो, हे पाहून घ्यावे. आपल्याकडे विटाळ आहे, सुतक आहे, सोवळे आहे, बहिष्कार आहे, जातीची शिवाशिव आहे. यांतला प्रत्येक शब्द घालणाऱ्याकडे बोट दाखवतो. काही आपोआप फिटणारे आहेत, काही लढून फिटवावे लागले, काही अजून फिटलेले नाहीत. या सगळ्यांवर टॅबूचे एकच पांघरूण घातले की हा फरक दिसेनासा होतो. तेव्हा लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती की ‘टॅबू’ लिहिण्याआधी टोंगाचा माणूस विचारील ते प्रश्न स्वतःला विचारावेत : कोणी घातला, कोणावर, किती दिवसांसाठी, आणि उठवायचा कोणी? उत्तर मिळाले तर ते लिहावे, मग टॅबू हा शब्द लागणारच नाही. उत्तर मिळाले नाही, तर ते शोधणे हेच लेखाचे काम आहे.